'गिव्ह अप' : एका इंग्रजी क्रियापदाच्या अर्थाचा इतिहास

१. प्रश्नाचे स्वरूप

मराठ्यांच्या इतिहासाच्या उत्तरकालाचा अभ्यास करणाऱ्यास इंग्रजी साधनांवाचून गत्यंतर नाही. ही साधने वाचताना खरी अडचण अवघड शब्दांची नसते. अवघड शब्द दिसताच वाचक कोश उघडतो आणि त्याचे निरसन होते. अडचण येते ती सोप्या व रोजच्या परिचयाच्या शब्दांची. शब्द ओळखीचा असल्यामुळे अर्थही ओळखीचाच असणार अशी समजूत होते आणि आजचा अर्थ दोन-तीन शतकांपूर्वीच्या वाक्यावर नकळत लादला जातो. 'देणे' या अर्थाच्या 'गिव्ह' या क्रियापदास 'वर' या अर्थाचे 'अप' हे अव्यय जोडून होणारे 'गिव्ह अप' हे रूप अशाच फसव्या शब्दांपैकी एक होय.

एका प्रसिद्ध प्रकरणावरून हे स्पष्ट होईल. इ. स. १८१५ च्या जुलै महिन्यात गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा पंढरपूर येथे खून झाला. पुण्याचा रेसिडेंट माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने या खुनाचा ठपका त्रिंबकजी डेंगळे याजवर ठेवला आणि त्यास इंग्रजांच्या ताब्यात द्यावे अशी मागणी दुसऱ्या बाजीरावाकडे केली. सप्टेंबर १८१५ मध्ये पेशव्याने त्रिंबकजीस इंग्रजांच्या हवाली केले. त्यास ठाण्याच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. परंतु पुढच्याच वर्षी सप्टेंबरात तो तेथून निसटला. मे १८१७ मध्ये एल्फिन्स्टनने त्यास पुन्हा हवाली करण्याची मुदत घातली आणि त्या वचनाचे तारण म्हणून सिंहगड, पुरंदर व रायगड हे तीन किल्ले स्वाधीन करण्यास पेशव्यास भाग पाडले. जून १८१७ च्या पुण्याच्या तहाने पेशव्यास काही मुलूख तोडून द्यावा लागला आणि मराठा राज्यसंघाच्या प्रमुखपणावरील हक्क सोडावा लागला.

या हकीकतीत मराठीला चार क्रिया चार तऱ्हांनी सांगाव्या लागतात. माणूस हवाली केला जातो, किल्ला स्वाधीन केला जातो, मुलूख तोडून दिला जातो आणि हक्क सोडला जातो. इंग्रजीत मात्र 'गिव्ह अप' हे एकच क्रियापद या चारही ठिकाणी बिनदिक्कत चालते. शिवाय आजच्या इंग्रजीत याच क्रियापदाचा सर्वांत परिचित अर्थ या चारींहून निराळा आहे, आणि तो म्हणजे धीर सोडणे, हार मानणे, प्रयत्न थांबविणे. सोपवून देण्याची एक उघड व्यावहारिक क्रिया मनातील निराशेचे नाव कशी बनली, आणि हा पालट होताना मूळ अर्थातील कोणता घटक गळून पडला, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे. तो घटक म्हणजे 'घेणारा' होय. आरंभी 'गिव्ह अप' या क्रियेत देणारा, दिलेली वस्तू आणि घेणारा असे तीन पक्ष होते. कालांतराने घेणारा दिसेनासा झाला, नंतर वस्तूही दिसेनाशी झाली आणि अखेर देणारा एकटाच उरला.

२. अव्ययाचे स्थानांतर

इंग्रजी व्याकरणात 'गिव्ह अप' यासारख्या रूपांस 'फ्रेजल व्हर्ब' म्हणतात. मराठीत त्यांस सोयीसाठी 'अव्यययुक्त क्रियापद' म्हणता येईल. 'फ्रेजल व्हर्ब' ही संज्ञा फारशी जुनी नाही. लोगन पीअरसॉल स्मिथ याने १९२५ साली प्रसिद्ध केलेल्या 'वर्ड्‌स अँड इडियम्स' या ग्रंथात ती वापरली आणि ती ऑक्सफर्ड कोशाचे एक संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचविल्याचे नमूद केले. संज्ञा विसाव्या शतकातील असली तरी तिने दर्शविलेली रचना किमान आठशे वर्षांची आहे.

प्राचीन इंग्रजीत, म्हणजे इ. स. १०६६ च्या नॉर्मन विजयापूर्वीच्या भाषेत, क्रियापदाच्या अर्थात फरक करण्याचे काम मुख्यतः धातूपूर्वी जोडलेल्या उपसर्गांकडे होते. 'देणे' या अर्थाच्या 'गिएफन' या धातूपासून 'आगिएफन' म्हणजे परत देणे वा सुपूर्त करणे, 'ऑफगिएफन' म्हणजे सोडून जाणे आणि 'फॉरगिएफन' म्हणजे बहाल करणे वा क्षमा करणे, अशी रूपे होत. यांपैकी शेवटचेच 'फरगिव्ह' या रूपाने आज जिवंत आहे. हे उपसर्ग बहुधा आघातहीन असल्यामुळे उच्चारात क्षीण होत गेले आणि बाराव्या-तेराव्या शतकांपर्यंत त्यांपैकी पुष्कळांची अर्थभेद करण्याची शक्ती ओसरली. धातूमागून येणारे अव्यय मात्र आघातयुक्त असल्याने स्पष्ट उच्चारले जाई. त्यामुळे जे काम पूर्वी धातूपुढचा उपसर्ग करी, ते हळूहळू धातूमागच्या अव्ययाकडे आले.

संस्कृताच्या अभ्यासकास या घडामोडीची उलट बाजू परिचित आहे. उपसर्ग धातूच्या पूर्वी येतात असा नियम पाणिनीने सांगितला (१.४.८०) आणि लगोलग वेदभाषेत ते धातूच्या नंतरही येतात, मध्ये अन्य शब्दांचे व्यवधान ठेवूनही येतात, अशी नोंद केली (१.४.८१-८२). म्हणजे संस्कृतात मोकळा फिरणारा उपसर्ग पुढे धातूस कायमचा चिकटला, तर इंग्रजीत चिकटलेला उपसर्ग झिजून गेला आणि त्याच्या जागी मोकळे अव्यय आले. आजही इंग्रजीत नाम हे कर्म असल्यास ते 'अप' च्या आधी किंवा नंतर कोठेही येऊ शकते. पण सर्वनाम कर्म असल्यास ते क्रियापद व अव्यय यांच्यामध्येच घालावे लागते. जर्मन भाषेत दोन्ही अवस्था एकत्र नांदतात. 'आउफगेबेन' या क्रियापदातील 'आउफ' मूळ रूपात धातूपूर्वी असतो आणि साध्या वाक्यात सुटून वाक्याच्या अखेरीस जातो.

३. पीटरबरोच्या बखरीतील नोंद

इंग्लंडच्या पूर्व भागातील पीटरबरो येथील मठात इ. स. १११६ मध्ये मोठी आग लागली. त्यानंतर सुमारे ११२१ मध्ये तेथील भिक्षूंनी प्राचीन इंग्रजी बखरीची एक प्रत नव्याने उतरवून घेतली आणि पुढील वर्षांच्या नोंदी तीत भर घालून चालू ठेवल्या. ही प्रत आज ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. नॉर्मन राजवटीत लॅटिन व फ्रेंच या भाषांचे वर्चस्व असताना देशी भाषेत वार्षिक नोंदी लिहिण्याची परंपरा याच मठात सर्वांत अधिक काळ, म्हणजे ११५४ पर्यंत, टिकली. म्हणून भाषेच्या इतिहासात या प्रतीचे महत्त्व असाधारण आहे. 'गिव्ह अप' या क्रियापदाच्या सर्वांत जुन्या उदाहरणांपैकी एक याच प्रतीत, ११३२ सालच्या नोंदीत, आढळते.

नोंदीतील प्रकरण मोठे बोलके आहे. आंझेली येथील मठाधिपती हेन्री हा राजा पहिला हेन्री याचा आप्त होता. फ्रान्समधील आपला मठ हाती असतानाच त्याने ११२७ मध्ये पीटरबरोचे मठाधिपत्यही राजाकडून मिळविले. त्या वर्षीच्या नोंदीत बखरकाराने त्यास मधाच्या पोळ्यातील आयतोबा नरमाशीची उपमा दिली आहे. इतर माश्या जे आणतात ते ही खाऊन टाकते, असा त्याचा रोख आहे. पुढे ११३२ मध्ये या मठाधिपतीने पीटरबरोचा मठ फ्रान्समधील क्लूनीच्या मठाच्या अंकित करण्याचा घाट घातला. राजा जवळजवळ फसलाच होता. परंतु सॅलिस्बरी व लिंकन येथील बिशपांच्या आणि इतर वजनदार मंडळींच्या सांगण्यावरून त्यास खरा प्रकार कळला. तेव्हा मठाधिपतीने आपल्या पुतण्यास गादी मिळावी अशी खटपट केली, तीही फसली. अखेर राजाने त्यास बोलावून घेतले, पीटरबरोचे मठाधिपत्य 'गिव्ह अप' करावयास लावले आणि देशाबाहेर घालविले. लगेच पुढील वाक्यात राजाने ते मठाधिपत्य सेंट नीट्स येथील मार्टिन नावाच्या प्रायरास दिले, असे सांगितले आहे.

ही नोंद भाषेच्या दृष्टीने तीन कारणांसाठी महत्त्वाची ठरते. पहिले असे की, येथे 'गिव्ह अप' ही क्रिया एकाकी नाही. मठाधिपती पद सोडतो, ते राजाकडे जाते आणि राजा ते दुसऱ्यास देतो, असा पूर्ण व्यवहार दोन लगतच्या वाक्यांत दिसतो. पद ज्याने दिले त्याच्याकडेच ते परत जावयाचे आणि देणारा राजा दर्जाने वर, या परिस्थितीत 'वर' या अर्थाच्या अव्ययास काही अंशी शब्दशः अर्थ असावा असा तर्क करण्यास जागा आहे. अर्थात 'अप' चा क्रियापूर्तिदर्शक अर्थही, म्हणजे काही शिल्लक न ठेवता देऊन टाकणे, तेथे अभिप्रेत असू शकेल. दोन्ही अर्थ एकमेकांस बाधक नाहीत.

दुसरे असे की, पद सोडण्याची क्रिया मठाधिपतीची असली तरी तिचा कर्ता-करविता राजा आहे. 'राजाने त्यास सोडावयास लावले' अशी प्रयोजक रचना बखरकाराने वापरली आहे. सक्ती 'गिव्ह अप' या शब्दात नाही. ती वेगळ्या क्रियापदाने सांगावी लागली. क्रियापद स्वतः इच्छा व सक्ती यांविषयी मौन पाळते, हा त्याचा स्वभाव अगदी पहिल्या उदाहरणापासून दिसतो आणि पुढील आठ शतकांत तो बदललेला नाही.

तिसरा मुद्दा कालनिर्णयाचा आहे. प्रसंग ११३२ चा असला तरी या प्रतीतील ११३२ ते ११५४ या वर्षांच्या नोंदी एकाच लेखकाने सुमारे ११५५ मध्ये एकदम लिहिल्या आहेत. तेव्हा शब्दाचा पुरावा ११५५ च्या सुमाराचा मानावयास हवा. घटनेचा काळ आणि नोंदीचा काळ यांत भेद करण्याची जी दक्षता मराठी बखरी वाचताना घ्यावी लागते, तीच येथेही आवश्यक आहे.

याच दोन वाक्यांत 'देणे' हे क्रियापद दोन तऱ्हांनी लिहिले आहे. 'अप' सह येते तेव्हा ते 'ग' काराने आरंभ होते, आणि राजाने पद दिले असे सांगताना जुन्या इंग्रजी उच्चारास अनुसरून ते 'य' सदृश वर्णाने आरंभ होते. आजच्या 'गिव्ह' मधील कठोर 'ग' हा स्कँडिनेव्हियन वसाहतकऱ्यांच्या नॉर्स भाषेच्या संपर्काचा परिणाम मानतात. पीटरबरोचा प्रदेश डेन लोकांच्या वस्तीचा होता आणि नॉर्समध्येही 'गेफा उप्प' हा प्रयोग आहे. यावरून इंग्रजी प्रयोगावर नॉर्स वळणाचा ठसा असावा, असे अनुमान काढता येते. जर्मन व डच भाषांतही समान घडणीची क्रियापदे असल्यामुळे तो केवळ उसना घेतलेला आहे असे मात्र म्हणता येत नाही. नॉर्स संपर्काने देशी प्रवृत्तीस बळ दिले, एवढे म्हणणे सुरक्षित होय.

४. घेणारा कसा लोपला

चौदाव्या-पंधराव्या शतकांत फ्रेंच व लॅटिन या भाषांतून इंग्रजीत 'रिझाइन', 'सरेंडर', 'अबॅन्डन', 'रिलिंक्विश' इत्यादी क्रियापदे आली. पदाचा राजीनामा, किल्ल्याचे समर्पण, हक्काचा त्याग यांसाठी राज्यकारभारात व कायद्यात वेगवेगळे शब्द उपलब्ध झाले. तरी 'गिव्ह अप' मागे पडले नाही. लेखी व्यवहारात नवे शब्द रूढ झाले आणि बोलीत जुने क्रियापद या सर्वांच्या वतीने काम करीत राहिले. त्याच्या अर्थाचा व्याप इतका मोठा होण्याचे एक कारण हेच आहे.

घेणाऱ्याचा लोप कसा झाला हे पाहण्यास 'गिव्ह अप द घोस्ट' हा वाक्प्रचार उपयोगी आहे. १६११ च्या इंग्रजी बायबलात येशूच्या मृत्यूच्या वर्णनात, तसेच उत्पत्तीच्या पुस्तकात अब्राहामाच्या मृत्यूच्या प्रसंगी, हा प्रयोग आहे. 'घोस्ट' चा अर्थ येथे भूत नसून आत्मा वा प्राण असा जुना अर्थ आहे. योहानाच्या शुभवर्तमानातील मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ 'स्वाधीन केला' असा होतो. आत्मा ज्याने दिला त्याच्या हाती तो परत सोपविला, ही कल्पना तेथे आहे. मार्क व लूक यांच्या ग्रीक पाठांत मात्र 'शेवटचा श्वास सोडला' एवढ्याच अर्थाचे क्रियापद आहे. इंग्रजी भाषांतराने या भिन्न ग्रीक क्रियापदांस एकच पेहराव दिला. त्यामुळे एका ठिकाणी घेणारा ईश्वर अभिप्रेत आहे, तर दुसऱ्या ठिकाणी घेणारा कोणीच नाही. पण शब्द तेच. पुढे हा वाक्प्रचार बंद पडलेल्या यंत्राविषयीही थट्टेने वापरला जाऊ लागला. तेथे तर घेणाऱ्याचा प्रश्नच उद्भवत नाही. मराठीत 'प्राण अर्पण करणे' आणि 'प्राण सोडणे' यांत जो फरक आहे, तो इंग्रजीत एका वाक्प्रचाराच्या पोटात दडला आहे.

वेढ्याच्या प्रसंगी घेणारा वेगळ्या मार्गाने लोपतो. शिबंदी किल्ला शत्रूस देते. शत्रू दारातच उभा असल्याने त्याचा उल्लेख अनावश्यक ठरतो आणि 'किल्ला दिला' एवढेच म्हटले जाते. काय दिले हेही उघड असेल, तर किल्ल्याचा उल्लेखही गळतो. मग 'त्यांनी दिले' याचा अर्थ 'त्यांनी लढणे थांबविले' असा होतो. क्रिया हस्तांतराची न राहता प्रतिकार संपल्याची होते. आणि एकदा प्रतिकार संपणे हा अर्थ पक्का झाला, की गणित न सुटलेला विद्यार्थी किंवा कोडे न उलगडलेला माणूसही 'गिव्ह अप' करू शकतो. तो कोणास काही देत नाही. तो केवळ थांबतो. तंबाखू वा मद्य सोडणाऱ्याच्या बाबतीतही असेच घडते. व्यसन कोणाच्या स्वाधीन केले जात नाही.

हा पालट एकदम व सर्वत्र घडला असे नाही. धीर सोडणे, नाद सोडणे, रोग्याची आशा सोडणे या अर्थांसाठी सोळाव्या ते अठराव्या शतकांत 'गिव्ह ओव्हर' हे भावंड रूप फार प्रचलित होते. शेक्सपिअरच्या 'मेझर फॉर मेझर' या नाटकात (सु. १६०४) भावाच्या जीवदानाची याचना करावयास आलेली इझाबेला पहिल्या नकारानेच माघारी वळते, तेव्हा लूसियो तिला इतक्यात माघार न घेण्याविषयी बजावतो. आजचा लेखक तेथे 'अप' वापरील. शेक्सपिअरने 'ओव्हर' वापरले आहे. पुढे प्रमाण भाषेत 'गिव्ह अप' ने ही जागा व्यापली. उत्तर इंग्लंडच्या बोलीत 'गिव्ह ओव्हर' हे 'पुरे कर' या अर्थाने अद्याप ऐकू येते. सतराव्या शतकातील इंग्रजी कागद वाचणाऱ्याने म्हणूनच ध्यानात ठेवावे, की त्या काळी निराशेचा भार मुख्यतः दुसरे रूप वाहत होते आणि 'गिव्ह अप' मध्ये सुपूर्त करण्याचा अर्थ आजच्यापेक्षा पुष्कळ ठळक होता.

मूळ अर्थ आजही नाहीसा झालेला नाही. गाडीत वृद्धास आपली जागा देणे, गुन्हेगाराने स्वतः होऊन पोलिसांच्या स्वाधीन होणे, एखाद्याने स्वतःस अभ्यासास वाहून घेणे, या सर्वांस 'गिव्ह अप' चालते. शेवटच्या उदाहरणात तर अर्थ निराशेच्या अगदी विरुद्ध टोकास जातो. जर्मन 'आउफगेबेन' मध्ये हार मानण्याचा अर्थ आहेच, पण टपालात पत्र टाकणे व रेल्वेत सामान सुपूर्त करणे हे अर्थही आहेत. एकाच मुळापासून निघालेल्या भगिनी भाषेत घेणारा अद्याप खिडकीशी उभा असलेला दिसतो.

५. कोशकारांची दृष्टी

अव्यययुक्त क्रियापदांकडे गंभीरपणे पाहणारा पहिला मोठा इंग्रज कोशकार सॅम्युएल जॉन्सन होय. १७५५ च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत त्याने या क्रियापदांचा स्वतंत्र निर्देश केला. परकीयांस इंग्रजीत सर्वाधिक अडचण बहुधा यांचीच पडते, कारण घटक शब्दांच्या अर्थांवरून एकत्रित अर्थाचा अंदाज बांधता येत नाही, अशा आशयाचे विवेचन त्याने केले आणि अशी रूपे आपण परिश्रमपूर्वक जमविली असल्याचे सांगितले. त्याने दिलेल्या नमुन्यांत 'गिव्ह ओव्हर' ही आहे.

परंतु या रूपांचे अर्थ सांगताना जॉन्सनला फ्रेंच-लॅटिन कुळातील शब्दांचा आधार घ्यावा लागला. परिणाम असा झाला की, देशी जोडरूप हे जणू त्या भारदस्त शब्दाचा बोलीतील पर्याय आहे, असा ग्रह बळावला. वस्तुतः पीटरबरोच्या नोंदीत 'गिव्ह अप' आहे त्या काळी इंग्रजीत 'रिझाइन' किंवा 'सरेंडर' यांचा पत्ताही नव्हता. त्याशिवाय वाक्याच्या अखेरीस सुटे अव्यय ठेवणे अशिष्ट मानण्याची प्रवृत्ती सतराव्या शतकापासून वाढत होती. जॉन ड्रायडनने १६७२ मध्ये बेन जॉन्सनच्या लेखनातील अशा शब्दयोगी अव्ययांवर टीका केली आणि नाट्यकाव्यावरील आपल्या १६६८ च्या निबंधाची १६८४ मध्ये नवी आवृत्ती काढताना स्वतःची तशी वाक्ये सुधारून घेतली. ड्रायडनचा आक्षेप शब्दयोगी अव्ययांपुरता होता, अव्यययुक्त क्रियापदांस नव्हता. तरी शाळांमधून दोन्ही सरसकट एका मापाने मोजली गेली. भारतात इंग्रजी शिक्षण आले ते ही अभिरुची घेऊन. येथील विद्यार्थ्यास 'रिलिंक्विश' लिहिणे भूषणावह वाटे आणि 'गिव्ह अप' हे संभाषणापुरते ठीक वाटे. त्यामुळे त्याचा पुस्तकी शब्दांशी परिचय दाट झाला आणि पत्रे, रोजनिशा, साक्षी-जबान्या यांतील जिवंत क्रियापदांच्या छटा मात्र त्यास परक्या राहिल्या.

६. मराठीची रीत

इंग्रजीत 'अप' हे अव्यय क्रियेच्या पूर्ततेचा जो भाव आणते, तो मराठीत दुसरे क्रियापद आणते. 'देणे' आणि 'देऊन टाकणे', 'सोडणे' आणि 'सोडून देणे' यांतील भेद याच प्रकारचा आहे. यात एक गंमत अशी की, इंग्रजीत 'देणे' हा मुख्य धातू असून अव्यय त्याचा अर्थ पूर्ण करते. मराठीत 'सोडून देणे' यात 'देणे' हाच सहायक होऊन दुसऱ्या धातूचा अर्थ पूर्ण करतो. येथेही घेणारा उरलेला नाही. 'त्याने तो विचार सोडून दिला' या वाक्यात विचार कोणास दिला असे कोणी विचारीत नाही. देण्याच्या क्रियेतून घेणारा निसटणे हा केवळ इंग्रजीचा विशेष नव्हे, हे यावरून दिसते.

मात्र राजकीय व महसुली व्यवहाराच्या मराठीने घेणाऱ्यास सहसा लपू दिले नाही. 'हवाली करणे', 'स्वाधीन करणे' या प्रयोगांत कोणाच्या, हा प्रश्न अंगभूत आहे. पद सोडण्यास मराठीत 'राजीनामा देणे' म्हणतात. फारसीतून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ संमतीचा लेख असा आहे. म्हणजे इंग्रजी क्रियापद जेथे संमतीविषयी मौन पाळते, तेथे मराठी शब्द संमती गृहीत धरतो, मग ती प्रत्यक्षात असो वा नसो. मुंबई इलाख्याच्या रयतवारी पद्धतीत जमीन सोडणारा खातेदार सरकारास राजीनामा लिहून देई आणि नवा खातेदार कबुलायत लिहून देई. एकाने वर सोडावयाचे, वरिष्ठाने दुसऱ्यास द्यावयाचे, हा ११३२ च्या पीटरबरोतील व्यवहाराचाच साचा होय. तेथे तो क्रियापद व अव्यय यांच्या जोडीने व्यक्त झाला, येथे दोन कागदांच्या जोडीने.

७. इतिहासलेखनाच्या दृष्टीने

या विवेचनाचा व्यावहारिक निष्कर्ष असा की, जुन्या इंग्रजी मजकुरात 'गिव्ह अप' आढळल्यास त्याचे 'सोडले' असे एकच भाषांतर करून पुढे जाणे धोक्याचे आहे. काय दिले, कोणास दिले, कोणाच्या सांगण्यावरून दिले आणि कायमचे की तात्पुरते दिले, या चार प्रश्नांची उत्तरे संदर्भातून काढल्यावाचून योग्य मराठी शब्द ठरविता येत नाही. १८१७ मधील तीन किल्ले तारण म्हणून दिलेले होते आणि त्याच वर्षी ते पेशव्यास परतही मिळाले. त्या प्रसंगी 'किल्ले सोडले' असे लिहिणे म्हणजे तारणास त्याग ठरविणे होय. तद्वतच १६६५ च्या पुरंदरच्या तहान्वये शिवाजी महाराजांनी तेवीस किल्ले मोगलांच्या स्वाधीन केले आणि बारा स्वतःकडे राखले. या स्वाधीन करण्यात आजच्या 'गिव्ह अप' मधील खचलेपणाचा अर्थ वाचणे सर्वस्वी अनुचित ठरेल. १६७० पासून ते किल्ले परत घेण्यास झालेला प्रारंभ हेच सांगतो, की हस्तांतर म्हणजे हार मानणे नव्हे.

यातील भेद केवळ शब्दांचा नाही. 'पेशव्याने त्रिंबकजीस सोडले' असे लिहिल्यास पेशव्याने आपल्या माणसाची साथ सोडली, असा नैतिक ठपका वाक्यात येतो. 'पेशव्याने त्रिंबकजीस इंग्रजांच्या हवाली केले' असे लिहिल्यास घेणारा समोर येतो आणि त्याने आणलेला दाबही विचारात घ्यावा लागतो. एका शब्दाच्या निवडीने जबाबदारी एकाच पक्षावर पडते किंवा दोन पक्षांत विभागली जाते. भाषांतरकाराने घेणाऱ्यास वगळले, की इतिहासातून सत्ता वापरणारा पक्षच वगळला जातो.

'गिव्ह अप' मधील घेणारा लोपला असला तरी तो कायमचा गेला असे समजण्याचे कारण नाही. मार्च २०१५ मध्ये भारत सरकारने सुस्थितीतील कुटुंबांनी स्वयंपाकाच्या गॅसवरील अनुदान स्वतः होऊन सोडावे यासाठी मोहीम सुरू केली. तिचे नाव 'गिव्ह इट अप' असे होते. नियमाप्रमाणे सर्वनाम क्रियापद व अव्यय यांच्यामध्ये बसले आहे. एप्रिल २०१६ पर्यंत एक कोटीहून अधिक ग्राहकांनी अनुदान सोडले. या आवाहनात घेणारा पक्ष मुद्दाम पुढे ठेवला होता. सोडलेले अनुदान गरीब घरांतील चुलीसाठी उपयोगी पडेल, असे सांगितले जात होते. त्या ग्राहकांनी हार मानली असे कोणी म्हटले नाही. त्यांनी मिळालेली वस्तू, ज्याने दिली त्याच्याकडे, दुसऱ्यास देता यावी म्हणून परत केली. पीटरबरोच्या मठाधिपतीने जे सक्तीने केले ते येथे संमतीने झाले, आणि दोहोंस क्रियापद एकच पुरले. सक्ती कोणती व संमती कोणती हे ते क्रियापद सांगत नाही; ते शोधून काढणे हे इतिहासाच्या अभ्यासकाचे काम आहे.